पोकळीखालचा दात

मिस्त्रींना घरी चहाला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. दाराशी चप्पल काढतात, आत येतात, आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांची टाच जमिनीवर दोनदा आपटते. मग मान तिरकी होते. मग ते खाली वाकतात, खिशातलं नाणं काढतात आणि फरशीच्या कोपऱ्यांवर, मध्यावर टकटक करून ऐकतात. यजमान बिचारा हातात कपबशा घेऊन उभा. मिस्त्री उठतात, गुडघे झटकतात आणि शांतपणे सांगतात, "पोकळ आहे." नव्या घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे बारशाला जाऊन पोराचं नाक वाकडं आहे म्हणण्यासारखंच. पण मिस्त्रींना ते कधी कळलं नाही. त्यांना वाटतं, आपण उपकार करतोय.

वस्तीत त्यांना पोकळमामा म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोची, तीही रागावली असेल तर. मी त्यांना मिस्त्री म्हणते आणि तिला वहिनी. दोघंही आमच्या बांधकाम कामगारांच्या संघटनेत पहिल्यापासून आहेत. सभेला येतात, मागच्या रांगेत बसतात, आणि मी भाषणात जरा हवेत गेले की वहिनी जांभई देतात. माझ्या भाषणांना त्यांच्याइतका खरा श्रोता नाही.

मिस्त्री फरशी बसवतात. आयुष्यभर तेच केलंय आणि त्यातून त्यांचे दोन कायदे तयार झालेत. पहिला कायदा पोकळीचा. फरशीखाली माल सगळीकडे सारखा पसरला नाही की मध्ये हवा राहते. वरून काही कळत नाही, फरशी आरशासारखी चमकते. मग एक दिवस कुणीतरी भरलेलं सिलिंडर टेकवतं आणि ती मधोमध तडकते. दुसरा कायदा पायाचा. बसवलेली फरशी वाळेपर्यंत तिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. कुणी म्हणजे कुणी. एका बड्या साहेबाला त्यांनी त्याच्याच स्वयंपाकघरात शिरू दिलं नव्हतं. साहेब खिडकीतून हात घालून पाण्याची बाटली मागत होता आणि मिस्त्री आतून त्याला सांगत होते की थोडी कळ काढा, तहानेनं कुणी मरत नाही, फरशी मात्र मरते.

असा हा माणूस, आणि त्याच्या वरच्या जबड्यात डावीकडे मागचे दात एक एक करून गेले. निम्मं काम तंबाखूनं केलं. उरलेलं सिमेंटच्या गोण्यांनी. गोणीचा शिवलेला दोरा दातात धरून ओढायचा, ही त्यांची जुनी खोड. कात्री बाजूलाच पडलेली असायची. हिरड्या ढिल्या झाल्या, दात हलले आणि गेले.

दातांच्या जागी त्यांनी कवळी बसवून घेतली. पण वरची कवळी बसलेल्या माणसासाठी असते, उभ्या माणसासाठी असते. दिवसभर चार पायांवर, डोकं खाली घालून काम करणाऱ्यासाठी ती नाही. मिस्त्री वाकले की कवळी जिभेवर यायची. जिभेनं वर ढकलावी तर बोलता येईना, बोलावं तर ती खाली. शेवटी एका घरी सांधे भरताना त्यांना ठसका लागला आणि कवळी थेट पांढऱ्या सिमेंटच्या घमेल्यात. शोधून काढून धुतली, पण घरमालकाच्या म्हाताऱ्या आईनं ते पाहिलं होतं आणि ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की मिस्त्रींनी कवळी खिशात घातली ती पुन्हा तोंडात घातली नाही.

मग सगळं चावणं उजवीकडे. उजवे दात एकटे किती ओढणार? तेही कुरकुरायला लागले. तेव्हा वहिनींनी त्यांना ओढत दातांच्या सरकारी कॉलेजात नेलं, आणि मला सोबत घेतलं, कारण मोठ्या इमारती पाहिल्या की मिस्त्री आधी फरश्या तपासत बसतात आणि नंबर निघून जातो.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान, बोलायला फटकळ. मला ती लगेच आवडली, पण मी ते दाखवलं नाही. असल्या ठिकाणी मी जरा तयारीतच जाते. आमच्या माणसाशी कुणी "ए, तोंड उघड" असं बोललं की माझं डोकं फिरतं. ही मिस्त्रींना "काका" म्हणाली, खुर्ची मागे करण्याआधी सांगून केली, आणि माझी तयारी वाया गेली.

तिनं त्यांच्या तोंडाचा मोठा फोटो काढला आणि उजेडावर लावला. म्हणाली, हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावता येतील, काढा-घालायची भानगड नाही. पण एक अडचण आहे. आणि तिनं पेनानं एक काळा डाग दाखवला. गालाच्या हाडात, नाकाच्या बाजूला, कबुतराच्या अंड्याहून मोठा काळा डाग. त्याच्या खाली हाडाची जेमतेम पट्टी.

मिस्त्रींनी विचारलं, ते काळं काय आहे.

"ती पोकळी आहे, काका. सायनस म्हणतात."

मी मिस्त्रींचा चेहरा पाहत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या पोकळ्या काढणाऱ्या माणसाला कळलं की एक आपल्याच थोबाडात आहे. ते उठून फोटोच्या अगदी जवळ गेले. ही कुणी ठेवली, असं विचारलं त्यांनी. डॉक्टरीण हसली नाही, तिनं नीट सांगितलं. सगळ्यांना असते, दोन्ही बाजूंना असते, आत फक्त हवा असते आणि एक पातळ ओला पडदा. कशासाठी असते याबद्दल शहाण्यांचंही एकमत नाही. डोकं हलकं राहावं म्हणून असेल, आवाज घुमावा म्हणून असेल. पण वरचे दात गेले की ही पोकळी हळूहळू खाली उतरते, हे मात्र नक्की.

"उतरते म्हणजे?" मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे मोठी होते. दातांचं काम संपलं की तिथलं हाड कमी होत जातं."

वहिनी मागून म्हणाल्या की यांच्या डोक्यात पोकळी आहे हे आपण लग्नापासून सांगतोय, त्याला फोटो कशाला लागतो.

उपाय असा होता. त्या पातळ पडद्याला न फाडता अलगद वर उचलायचं, अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा सोडवावा तसं. त्याच्या खाली जी जागा होईल तिथे हाडाची भुकटी भरायची. आणि त्यात स्क्रू बसवायचा. दोन स्क्रू लागणार होते. पुढचा चांगल्या हाडात जाणार होता. मागचा बरोबर पोकळीच्या खाली. मिस्त्रींनी भुकटीबद्दल एवढे प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. दाणा केवढा असतो, ओली भरता की कोरडी, किती दाबता, दाबली नाही तर खाली बसते का. डॉक्टरणीनं शेवटी एक छोटी कुपी आणून दाखवली. मिस्त्रींनी ती उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले की चाळण चांगली आहे.

स्क्रू बसले. हिरडीतून वर दोन छोटी चकचकीत बटणं दिसत होती, स्क्रूची झाकणं. दात इतक्यात लावायचे नव्हते. आधी हाडानं स्क्रू धरायला हवा, मगच त्यावर ओझं. त्याला बरेच महिने जाणार होते. आणि तोवरचे नियम वहिनींनी घरी येईपर्यंत पाठ केले होते. डावीकडे चावायचं नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाहीतर हवेच्या दाबानं तो पडदा फाटतो. जड उचलायचं नाही. आणि सुरुवातीला खाली वाकायचं नाही.

फरशीवाल्याला वाकायचं नाही. मी डॉक्टरणीला विचारलं की बाई, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय. ती म्हणाली, कळतंय, म्हणून दोनदा सांगतेय.

पणाला काय लागलं होतं ते सगळ्यांना स्पष्ट होतं. मागचा स्क्रू हाडानं धरला तर दात पक्के. नाही धरला तर तो काढायचा, जाताना तो होतं ते हाडही घेऊन जाणार, आणि दुसऱ्यांदा तिथे बसवायला जागा मिळेलच असं नाही. मग परत कवळी, म्हणजे मिस्त्रींच्या बाबतीत काहीच नाही, आणि मग उजवे दातही त्याच वाटेनं.

त्याच सुमारास आमच्या संघटनेच्या खोलीची फरशी उखडून नवी बसवायचं ठरलं होतं. काम अर्थात मिस्त्रींचं. मी म्हटलं, पुढे ढकलू. वहिनी म्हणाल्या, कशाला, मी बसवते.

वहिनींनी आजवर माल कालवला होता, फरश्या भिजवल्या होत्या, भिंतीकडेच्या पट्ट्या कापून लावल्या होत्या, सांधे भरले होते. खोलीच्या मधल्या फरशीला मात्र त्यांचा हात कधी लागला नव्हता. ते मिस्त्रींचं राज्य. आता मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभे, मान ताठ, जणू डोक्यावर घागर आहे, आणि वहिनी खाली दोरी लावून थापीनं माल पसरतायत. वरून सूचनांचा पाऊस. माल जरा पातळ झाला. डावा कोपरा दाब. रबरी हातोडी हलकी मार. वहिनींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग थापी खाली ठेवली आणि वर न बघता विचारलं की तिथून एवढं दिसत असेल तर इतकी वर्षं गुडघे का झिजवले. मिस्त्री उत्तर द्यायला गेले. तेवढ्यात मशीननं कापलेल्या फरशीची धूळ त्यांच्या नाकात गेली आणि त्यांनी नियमाप्रमाणे तोंड उघडं ठेवून शिंक दिली. ती शिंक इतकी भयंकर होती की वहिनींच्या हातातली फरशी सुटून फुटली.

फरशी बसली. दाराला दोरी बांधली गेली. संघटनेची सभा आम्ही जिन्यावर घेतली, आणि मी वरच्या पायरीवरून बोलत असताना मिस्त्री खालच्या पायरीवर बसून दाराकडे लक्ष ठेवत होते, कुणी चोरून आत जातंय का.

मग एक दिवस ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मागचा पोकळ आहे."

मला वाटलं, आमच्या खोलीतली फरशी. मी म्हटलं, वहिनींना सांगा, मी मध्ये पडत नाही. ते म्हणाले, फरशी नाही, स्क्रू. आणि हळूच सांगितलं की ते रोज ऐकतायत. सकाळी चहाच्या वेळी, चमच्याच्या दांड्यानं. पुढच्या बटणावर मारलं की टण्ण, स्वच्छ, भरीव आवाज येतो. मागच्यावर टप्प. मेल्यासारखा. आणि आता तिथे जरा ठणकतंही. कुठेतरी पाणी मुरतंय, ताई. भुकटी नीट दाबली नाही त्या पोरीनं. चला, विचारू.

मला विचारायला चला म्हटलं की मी चपला शोधत नाही, आधी आवाज काढते. आम्ही तिघं गेलो. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. गरिबाच्या तोंडावर हात साफ करून घेता का, इथपर्यंत पोचले होते.

डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं तोंड बघायच्या आरशाचा दांडा उलटा धरला आणि पुढच्या बटणाला एकदा हलकेच टिचकी दिली. मिस्त्रींनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. बघा, हीसुद्धा ठोकूनच बघते. मागच्याला मात्र तिनं हात लावला नाही. तिथलं झाकण काढून स्क्रूमध्ये एक बारीक खुंटी बसवली आणि पेनासारखं एक यंत्र तिच्या जवळ नेलं, न टेकवता. यंत्रानं आवाज केला, स्क्रू किती घट्ट आहे त्याचा आकडा दाखवला. तिनं आधीचा आकडा काढून बघितला. पहिल्या दिवसापेक्षा तो उतरला होता.

मी तोंड उघडलंच होतं. पण ती त्या काढलेल्या झाकणाकडे बघत होती. चिमट्यात धरून उजेडात फिरवत होती. मग तिनं ते वहिनींच्या पुढे धरलं. चकचकीत धातूवर बारीक बारीक ओरखडे, खळगे, एकावर एक.

तिनं विचारलं, काका काय खातात. वहिनी म्हणाल्या, भाताची पेज, मऊ भाकरी, तीही उजवीकडे. डॉक्टरीण म्हणाली, भातानं धातूवर खळगे पडत नाहीत.

मिस्त्री छताकडे बघायला लागले.

"रोज ठोकता का?" तिनं विचारलं.

"ठोकत नाही. ऐकतो," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. मला जुळवलेली सगळी वाक्यं गिळावी लागली आणि ती बरीच होती.

डॉक्टरीण रागावली होती, पण तिनं स्टूल ओढलं आणि बसली. तिचं म्हणणं मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितेय. आवाज तुम्ही बरोबर ऐकलात, ती म्हणाली. पुढच्या स्क्रूच्या भोवती सगळीकडे घट्ट हाड आहे. मागच्याच्या डोक्यावर आहे हवा, आणि भोवती नवी भुकटी, जिचं अजून हाड झालेलं नाही. तो वेगळा वाजणारच. त्यात तुम्ही तो तुमच्याच कवटीच्या आतून ऐकताय. वाजण्यावरून तो वाईट बसलाय असं होत नाही, तो पोकळीखाली बसलाय एवढंच होतं, आणि ते आपल्याला आधीपासून माहीत आहे.

मिस्त्री म्हणाले, पण आकडा का उतरला. माल वाळत गेला की घट्टच होतो. वाळता वाळता सैल झालेला माल त्यांनी जन्मात पाहिला नाही.

"कारण हाड म्हणजे माल नाही, काका. ते जिवंत आहे."

आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकताना मिस्त्रींच्या तोंडाचा आ झाला, तपासणीसाठी नव्हे. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसता आवळलेला म्हणून. मग हाड काय करतं, स्क्रूला लागून असलेला आपलाच जुना भाग खाऊन टाकतं. त्या दिवसांत स्क्रूची पकड कमी होते. सगळ्यांचीच होते. आणि त्याच जागी ते नवं हाड घालत जातं, स्क्रूच्या धातूला चिकटून. म्हणजे आधी सोडतं, मग धरतं. या सोडायच्या आणि धरायच्या मधल्या दिवसांत स्क्रू कुणी हलवला, केसाच्या जाडीइतका जरी रोज हलवला, तर हाड म्हणतं इथे काही टिकणार नाही, आणि हाडाऐवजी नुसतं मऊ मांस घालतं. मग तो स्क्रू कधीच धरत नाही. थोडा आकडा उतरणारच होता. तुमचा त्याहून जास्त उतरलाय.

मिस्त्रींनी विचारलं, गेला का.

ती म्हणाली, अजून नाही. पण हात लावू नका.

 दुसऱ्याच्या फरशीवर पाय ठेवू न देणारा माणूस स्वतःच्या फरशीवर रोज सकाळी चमचा घेऊन नाचत होता. वहिनींच्या ओठांवर हे वाक्य येऊन थांबलेलं मला दिसलं. त्या बोलल्या नाहीत. मला वाटतं त्यांच्या संसारातली ती सगळ्यात मोठी दया असेल.

डॉक्टरणीनं उंच बटण काढून हिरडीच्या आत बसणारं बुटकं झाकण लावलं, म्हणजे चमचा पोचणार नाही. आणि वाट बघायचे दिवस वाढवले.

त्या काळातले मिस्त्री बघण्यासारखे होते. माणसाची एक सवय काढून घेतली की त्याला हातांचं काय करावं ते सुचत नाही. वहिनींनी घरातले चमचे डब्यात घालून वर ठेवले, चहा ओतून प्यायला द्यायला लागल्या. वाकायची परवानगी मिळाली तरी मिस्त्री आमच्या खोलीतली वहिनींची फरशी तपासत नव्हते. मी एकदा त्यांना म्हटलं की तुमचं नाणं हरवलं का. ते म्हणाले, तपासली तर ती म्हणेल माझ्यावर विश्वास नाही. मग थोड्या वेळानं म्हणाले, आणि नाही तपासली तर झोप येत नाही.

पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चालू होतं. त्यांना हाडाचं वेड लागलं. मधल्या तपासणीला गेलो की डॉक्टरणीला प्रश्न. हाडाला कसं कळतं की हा धातूचा स्क्रू आहे, काटा नाही? आपलाच भाग खायचा हे कोण ठरवतं? दात गेल्यावर पोकळी खाली का आली, तिला काय खेचतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं ते मला वाटतं मिस्त्रींना अजून पचलेलं नाही. खेचत काही नाही, ती म्हणाली. चावताना दातावर दाब येतो, तो हाडात जातो, आणि त्या दाबावर हाड जगतं. दाब थांबला की हाड म्हणतं, माझी गरज संपली, आणि विरघळतं. म्हणून स्क्रूवर ओझं लवकर टाकलं तर तो सुटतो, आणि कधीच टाकलं नाही तर भोवतालचं हाड पुन्हा पातळ होत जातं.

परत येताना मिस्त्री रस्त्याच्या कडेला थांबले. म्हणाले, ताई, म्हणजे अशी फरशी, की जिच्यावर चालायचं नाही, आणि मग जिच्यावर चाललं नाही तर ती खराब होते. वहिनी म्हणाल्या, त्यात काय नवल, संसारही तसाच असतो, चला, रस्ता अडवू नका. मिस्त्री हलले, पण मान हलवत राहिले.

आकड्याच्या दिवशी वहिनी त्यांच्याआधी आवरून बसल्या होत्या. डॉक्टरणीनं बुटकं झाकण काढलं, खुंटी बसवली, यंत्र जवळ नेलं. एका बाजूनं. मग दुसऱ्या बाजूनं. मिस्त्रींनी खुर्चीचे हात धरले होते. तिनं आकडा वाचला नाही, यंत्र वळवून त्यांच्यापुढे धरलं. आधीच्या दोन्ही आकड्यांपेक्षा वर होता. पुढच्याइतका नव्हता, पण पुरेसा होता. नव्या फोटोत काळ्या डागाखाली करडी जाड पट्टी दिसत होती. मिस्त्रींनी फोटो हातात घेतला तो द्यायचं नावच घेईनात. पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत होते. लेव्हल बरी आहे, म्हणाले.

तरीही लगेच चावायचं नव्हतंच. पुढच्या स्क्रूवर दात लावला, मागच्यावर मात्र आधी हलका, प्लॅस्टिकचा, तोही मुद्दाम थोडा आखूड, खालच्या दाताला न लागणारा. निळा कागद दातांमध्ये धरून चावायला सांगितलं. पुढच्यावर निळा ठिपका उमटला, मागचा कोरा. कोराच हवा, ती म्हणाली. जेवताना मधून घास जाईल तेवढंच ओझं पुरे. मग काही आठवड्यांनी त्याच दातावर दात भरायच्या मसाल्याचा एक थर चढवला, आणि कागदावर अगदी फिकट ठिपका आला. मिस्त्रींनी आरसा मागून तो ठिपका पाहिला. मग पक्का दात. मऊ खाणं, मग साधं खाणं. ओझं चढत गेलं, आकडा धरून राहिला. शेवटी ती म्हणाली, काका, आता खा काय हवं ते.

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक दोऱ्यांची गादी असते. किती जोरात चावलं, खडा लागला, हे तिच्यामुळे कळतं. या दातांना ती नाही, ते थेट हाडात आहेत. त्यामुळे यांना फारसं कळत नाही. आपण किती जोर लावतोय ते तुम्हाला आतून नीट समजणार नाही. वर्षातून एकदा या, आम्ही कागदावर आणि फोटोत बघू.

 ज्या माणसानं हाताला लागल्याशिवाय आणि कानाला पटल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी मानली नाही, त्याच्या तोंडात असा दात आला होता की ज्याच्याबद्दल त्याला स्वतःला काही कळणार नव्हतं.

बाहेर फाटकाशी एक जण भाजलेले शेंगदाणे विकत होता. वहिनींनी पुडी घेतली. आम्ही कठड्यावर बसलो. मिस्त्रींनी एक दाणा डावीकडे ठेवला आणि हळूच दात मिटले. कडक आवाज आला. ते थांबले. पुन्हा चावलं. मी आणि वहिनी त्यांच्या गालाकडे बघत होतो, जसं काही तिथे लिहून येणार आहे.

वहिनींनी विचारलं, "काय?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "काही वाटतच नाही. मग आता समजायचं काय?"

"चावायचं आणि गिळायचं," वहिनी म्हणाल्या. "एवढंच समजायचं."

मिस्त्रींनी थोडा विचार केला, गिळलं, आणि पुडी स्वतःकडे ओढून घेतली.